पावातले ‘किरणोत्सर्गी’ जिवाणू: एका फॉरवर्डचा समाचार

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मजकुराचा सारांश: पावात आणि ग्लुकोज सिरपमध्ये स्टार्च पचवणारं अमायलेज हे एन्झाइम (रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन) वापरतात, ते किरणोत्सर्गाने बिघडवलेल्या जिवाणूंपासून मिळतं, ते जिवाणू आपल्या पोटात वाढतात, पूर्वीची पद्धतच बरी.

‘किरणोत्सर्ग’ म्हणजे इथे बहुतेकदा अतिनील किरण, घरच्या वॉटर प्युरिफायरच्या दिव्यात असतात तेच. त्यांनी डीएनएत चुका होतात, काहीही किरणोत्सर्गी होत नाही.

‘बिघडवलेले’ हा आरोप जरा सविस्तर पाहू. हे अमायलेज बनवणाऱ्या बॅसिलस या जिवाणूचा रानटी, म्हणजे निसर्गात सापडतो तसा, वाण ते गरजेपुरतंच बनवतो. आयतं ग्लुकोज मिळालं की उत्पादन आवरतं घेतो. म्हणून बहुतेक पेशी मरतील इतके किरण देतात आणि वाचलेल्यांना स्टार्चच्या प्लेटवर वाढवतात. वर आयोडीन ओतलं की प्लेट निळी-काळी होते, पण जिथे स्टार्च पचला तिथे वसाहतीभोवती (एका पेशीपासून वाढलेल्या ठिपक्याभोवती) स्वच्छ कडं उरतं. वसाहतीच्या मानाने ज्याचं कडं मोठं, तो वाण उचलायचा. मग फ्लास्कमध्ये वाढवून पुन्हा मोजायचं, कारण प्लेटवरचे पहिलवान तिथे अनेकदा आपटतात. टिकला, तर त्याच्यावर पुन्हा किरण. अशा वाणात बहुधा उत्पादनावरचा लगाम सुटलेला असतो. एन्झाइम तेच, फक्त जास्त. (एन्झाइमची रचनाच बदलण्याचंही तंत्र आहे, पण ते वेगळं.)

‘पोटात वाढतात’? टाकीतल्या द्रवातून पेशी गाळून वेगळ्या करतात; विकलं जातं ते प्रथिन. आणि अमायलेज तर आपल्या लाळेतही असतं.

खरा मुद्दा फॉरवर्डवाल्यांना सापडलेलाच नाही. बॅसिलस लायकेनिफॉर्मिसचं अमायलेज १०५ अंश सेल्सिअसलाही काम करतं. सिरपच्या कारखान्यात तेच हवं असतं. पावात मात्र ते भट्टीतून वाचलं तर आतला गर चिकट होतो. म्हणून बेकरीत बरेचदा अस्परजिलस ओरायझी या बुरशीचं, लवकर निकामी होणारं अमायलेज वापरतात. त्याची भुकटी श्वासात गेल्याने बेकरी कामगारांना दमा झाल्याच्या नोंदी आहेत. काळजी करायचीच तर पीठ मळणाऱ्याची करा.

राहिली ‘पूर्वीची पद्धत’. १८११ मध्ये किर्खोफ या रसायनशास्त्रज्ञाने रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला स्टार्चपासून साखर केली ती सल्फ्युरिक ॲसिड घालून, उकळून. सुती कापडाची खळ काढायलाही ॲसिड वापरत. प्रमाण चुकलं की खळीबरोबर सूतही कमजोर. अमायलेज खळीतला स्टार्च तोडतं, कापसाच्या सेल्युलोजला धक्का लावत नाही.