‘पाणी म्हण, मगच पाणी’ : 90 दिवसांच्या फॉरवर्डला एका आईचं उत्तर

दर दोन-तीन महिन्यांनी तो मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर फिरून येतो. ‘मूल बोलत नाही? या सहा गोष्टी करा, 90 दिवसांत बोलेल.’ सहा गोष्टी थोडक्यात अशा : चित्रांची कार्डं किंवा बोलणारं ॲप देऊ नका, मूल आळशी होतं. बोट दाखवलं तर वस्तू देऊ नका, शब्द काढला तरच द्या. हनुवटी धरून डोळ्यांत बघायला लावा. हात फडफडवले की लगेच खाली दाबा. घरात एकच भाषा बोला, तीही शाळेची. आणि मोबाइल बंद करा, कारण हे सगळं मोबाइलनेच झालंय. शेवटी हात जोडलेले पाच इमोजी आणि एक फोन नंबर.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे, तोंडाने मोजके शब्द बोलतो. पाठवणाऱ्या काकूंच्या मनात काही वाईट नसतं, म्हणून मी आजवर गप्प बसले. या वेळी तो मेसेज एका शिक्षिकेने पालकांच्या ग्रुपवर टाकला. म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण तो मी स्वतः करून बसले आहे.

तो साडेतीन वर्षांचा होता. मे महिना, नागपूरचं ऊन, घरात कूलरची घरघर. तहान लागली की तो माझा हात धरून माठाकडे ओढत न्यायचा. तेव्हा आम्ही ज्या थेरपी सेंटरला जायचो तिथे सांगितलं, ‘हात ओढला तर देऊ नका. आधी बोलू द्या.’ मी ग्लास भरून उंच धरायचे. ‘पाणी म्हण. पा-णी.’ तो रडायचा, स्वतःचा हात चावायचा. आठवडाभराने हात ओढणं बंद झालं. मला वाटलं, सुटलो. मग एका दुपारी तो न्हाणीघरात सापडला, बादलीतलं पाणी ओंजळीने पीत होता.

पाणी म्हणायला तो शिकला नाही. आईकडे मागून उपयोग नसतो, हे मात्र पक्कं शिकला.

हात ओढणं हे बोलणंच होतं. त्याने माणूस निवडला होता, जागा दाखवली होती, काय हवं ते कळवलं होतं. मी ते ऐकायचं नाकारलं. आता तो माठाकडे नेतो, मी ग्लास भरता भरता ‘पाणी’ म्हणते, कार्डावर बोट ठेवते आणि ग्लास हातात देते. शब्द त्याच्या कानावर पडतोच, फक्त त्या शब्दासाठी त्याला तहानेची किंमत मोजावी लागत नाही.

आता पहिला मुद्दा, आळशीपणाचा. हा नुसता फॉरवर्डवाल्यांचा नाही, शिकल्यासवरल्या लोकांचाही आहे. जरा विचार करा. ‘दे’ म्हणायला अर्धा सेकंद लागतो. कार्ड वापरायचं तर वही उघडा, पान शोधा, वेल्क्रोवरून कार्ड सोडवा, समोरच्याच्या हातात द्या आणि त्याचं लक्ष असेल अशी आशा करा. ज्याला बोलणं जमतं तो हा द्राविडी प्राणायाम कशाला करेल? आळशी पोट्टा कार्ड निवडणारच नाही ना बाप्पा.

संशोधनही हेच सांगतं. 2006 साली मिलर, लाइट आणि श्लॉसर या तिघांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले. ज्यांचे पुरावे भक्कम होते अशा 27 जणांपैकी 89 टक्क्यांचं बोलणं चित्रं, खुणा, यंत्रं वापरायला लागल्यावर वाढलं, बाकीच्यांचं होतं तसंच राहिलं. एकाचंही कमी झालं नाही. वाढ फार मोठी नव्हती, हेही सांगायला हवं. कार्ड दिलं की मूल घडाघडा बोलायला लागतं असं मी म्हणत नाही, नाहीतर माझाही एक 90 दिवसांचा मेसेज व्हायचा.

कार्डं फसतात ती वेगळ्या कारणाने. शाळेत ती सुंदर लॅमिनेट करून कपाटात ठेवतात आणि ‘दाखव बरं, सफरचंद कुठंय?’ म्हणून परीक्षा घेतात. तान्ह्या बाळाशी आपण वर्षभर बोलतो, तेव्हा ते पहिला शब्द काढतं. कार्डांचंही तसंच, आधी मोठ्यांनी वापरायची. ‘चल, पोहे खाऊ’ म्हणताना मी ‘खा’वर बोट ठेवते, तो बघो न बघो. आणि सफरचंद, हत्ती, विमान यांच्याआधी लागतात ते शब्द म्हणजे अजून, थांब, मदत, संपलं, दुखतंय, नको. आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं ॲप फुकट आहे आणि त्यात मराठी आहे. ते जमेपर्यंत कागदावर पेनाने काढलेली चित्रंही चालतात.

एक सावधगिरी मात्र हवी. मुलाचा हात किंवा मनगट धरून, किंवा पाटी त्याच्यासमोर हलवत अक्षरांवर बोट ठेवून घेतात आणि ‘बघा, तो कविता लिहितो’ म्हणतात, तिथून उठा. शब्द मुलाचे की धरणाऱ्याचे, हे तिथे कळत नाही. अमेरिकेतल्या वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने 2018 मध्येच या पद्धती वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय. बोट मुलाचं आणि ते त्याने स्वतः ठेवलेलं असलं पाहिजे.

आमच्याकडे सगळ्यात आधी चाललं ते ‘नको’चं कार्ड. ओटीच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या (हालचाली आणि रोजची कामं शिकवणाऱ्या थेरपीच्या) खोलीत झोक्यावर बसवताना त्याने थेरपिस्ट ताईंच्या हातात ‘नको’ ठेवलं. ताई थांबल्या, झोका बाजूला केला. पुढे दोन दिवस तो दिसेल त्या गोष्टीला नको देत सुटला : वरण नको, चप्पल नको, आजी नको. आजी जरा रुसली. मला मात्र हायसं वाटलं. जे मूल मोठ्यांनी सांगितलेलं सगळं निमूट करतं, त्याला उद्या कुणी नको तिथे हात लावला तर ते नाही कसं म्हणणार? हा प्रश्न फॉरवर्ड लिहिणाऱ्याला पडलेला दिसत नाही.

शाळांसाठी एक गोष्ट. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘संवाद’ या शब्दाची व्याख्या आहे, तिच्यात खुणा, चित्रं, पर्यायी साधनं आणि तंत्रज्ञान सगळं येतं. अशा साधनांना प्रोत्साहन देणं ही कलम 17 नुसार सरकारची आणि स्थानिक प्राधिकरणांची जबाबदारी आहे. ‘शाळेत टॅब चालत नाही’ म्हणून बोलायचा टॅब काढून घेणं म्हणजे मुलाचं तोंड दाबणं.

डोळ्यांत बघणं. कुणालाही सतराचा पाढा उलटा म्हणायला सांगा, तो छताकडे बघेल. विचार करताना नजर हटते, सगळ्यांचीच. अनेक ऑटिस्टिक मोठी माणसं सांगतात की नजरेला नजर दिली की समोरच्याचं बोलणं डोक्यात शिरत नाही. माझा लेक खिडकीकडे बघत ऐकतो, आणि ऐकलेलं असतं. हनुवटी धरून तेवढी हनुवटी वळते. ऑटिझमला मराठीत वापरतात तो ‘स्वमग्नता’ हा शब्दही मला म्हणूनच खटकतो. तो स्वतःत मग्न असतो हे परस्पर आपणच ठरवलं.

हात फडफडणं. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, आजोबांनी त्याला लाकडी नंदी आणला. बाकी पोरं नंदी घेऊन घरोघर हिंडत होती, हा अंगणात नंदी उलटा करून चाक फिरवत बसला आणि चाकाने वेग घेतला की दोन्ही हात पाखरासारखे. शाळेच्या प्रार्थनेला भोंगा कर्कश वाजतो तेव्हाही हात हलतात, पण कोपर अंगाला चिकटलेले, बोटं ताठ. एक आनंद आहे, दुसरी तक्रार. दोन्ही वेळा ‘हात खाली!’ म्हणणाऱ्याला दोन्ही कळत नाहीत. डोकं आपटत असेल, चावत असेल तर अडवायलाच हवं, पण सोबत दात, कान, पोट तपासायचं. आमच्याकडे एकदा कारण दुखरी दाढ निघालं.

एक भाषा. आम्ही ऐकलं आणि घरात इंग्रजी आणली. आजी ‘कम हिअर बेटा’पर्यंत पोचली आणि पुढे तिचे शब्द संपले, मग ती त्याच्याशी बोलायचीच कमी झाली. दोन भाषांत वाढणारी ऑटिस्टिक मुलं एका भाषेतल्यांपेक्षा मागे पडत नाहीत, असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. महिन्याभरात मराठी परत आणली.

मोबाइलबद्दल फॉरवर्ड अर्धं बरोबर आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त स्क्रीन नको, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये सांगितलं, आणि कार्टून बंद करून माणसं बोलायला लागली तर कुठल्याही मुलाला फायदाच होतो. पण मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझमचं वर्णन केलं 1943 साली. तेव्हा कुणाच्या हातात मोबाइल होता?

राहिला तो फोन नंबर. मी लावून पाहिला. पलीकडच्या बाईंनी आधी विचारलं, कुठल्या एरियात राहता. मग पॅकेज सांगितलं, तीन महिन्यांचं, पैसे आगाऊ. मुलाचं वय चौथ्या मिनिटाला विचारलं. न बोलणाऱ्या मुलाची सगळ्यात आधी करायची गोष्ट म्हणजे कानांची तपासणी, लहान मुलांसाठी बेरा टेस्ट असते, झोपेत होते, दुखत नाही. ‘ऐकू येतं का, तपासलंय का?’ हे त्यांनी फोन ठेवेपर्यंत विचारलं नाही. त्या सहा मुद्द्यांतही ते कुठे नाही.