बुळकांडी कुणाला आठवते?

सांगलीत आयर्विन पुलाच्या अलीकडं आमचा कट्टा. काल विषय निघाला दिलीपच्या पोरीचा. शिरवळच्या कॉलेजातून जनावरांची डॉक्टर झाली आणि आता म्हणते, दवाखाना टाकायचा नाही. उत्तर प्रदेशात बरेलीला आयव्हीआरआय या जनावरांच्या रोगांवरच्या संशोधन संस्थेत जाऊन जनावरांच्या विषाणूंवर संशोधन करायचं. दिलीप चार दिवस धुमसत होता.

"साडेपाच वर्षं शिकवली. विट्यात गाळा बघून ठेवलाय. आणि ही बाटल्यांत विषाणू पाळत बसणार!"

तानाजीला आयतंच मिळालं. २०२२ च्या लम्पीत त्याचा खिलार बैल गेला. बैलाच्या कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला अजून त्याच्या गाडीच्या किल्लीला आहे. तो कट्ट्यावर आपटत म्हणाला, "माझा सर्जा अंगभर गाठी घिऊन अकरा दिवस उभा हुता. बसला की उठंना. तवा कुठं हुतं संशोधन?"

अण्णा पशुधन पर्यवेक्षक म्हणून रिटायर झालेले. म्हणाले, "तुझ्या बाकीच्या जनावरांना जी लस टोचली, ती शेळ्यांच्या देवीची होती. लम्पीचा विषाणू त्याच घराण्यातला, चुलत भाऊ. कुणीतरी शेळ्यांच्या देवीवर आधी डोकं घासलं होतं, म्हणून ती हाताशी होती."

"हाताशी हुती तर माझ्या गोठ्यात गाठी आल्यावर का आली?"

यावर अण्णा गप्प. त्यांनी गप्पच बसायला हवं होतं; तानाजीचं खोटं नव्हतं. पण ती चूक लस पोचवणाऱ्यांची, शोधणाऱ्यांची नव्हे. लम्पी पहिल्यांदा दिसला १९२९ साली, आजच्या झांबियात; हा समोरचा पूल खुला झाला त्याच साली. ओडिशात पोचला २०१९ मध्ये. रोग दारात आल्यावर अभ्यासाला बसून भागत नाही.

मग अण्णांनी बुळकांडी काढली. सलीमनं विचारलं, ती काय? आमची आजी चिडली की गाईला म्हणायची, "बुळकांडी लागो तुला." मला ती नुसती शिवीच वाटायची. तोंडात फोड, रक्ताची हगवण, आणि आठवड्या-दीड आठवड्यात गोठा रिकामा, असा तो रोग. अण्णा नोकरीला लागले तेव्हा सायकलीला थर्मास बांधून जतकडं जायचे. थर्मासात बर्फ, बर्फात कुपी, कुपीत चिमूटभर पांढरी पावडर. गार सलाईनमध्ये कालवायची आणि ऊन चढायच्या आत टोचून संपवायची. बर्फ वितळला की लस मेली.

ती लस वॉल्टर प्लोराइट या माणसाची. केनियात मुगुगाला बसून त्यानं बुळकांडीचा विषाणू वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवला; एका बाटलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, अशा नव्वदेक फेऱ्या. विषाणू इतका नरमला की जनावराला बाधेना, पण अंगात प्रतिकार मात्र कायमचा उभा करी. भारतात शेवटची बुळकांडी १९९५ ला. २०११ मध्ये ती जगातून गेल्याचं जाहीर झालं. माणसांच्या देवीनंतर असा संपलेला हा दुसराच रोग. प्लोराइट २०१० मध्येच वारला होता.

"मग लाळ्या खुरकूत का जात न्हाई?" सलीमचा प्रश्न चोख होता. जनावरांच्या तोंडा-खुरांचा हा रोग; दर सहा महिन्यांनी टोचतात, तरी आहेच. अण्णा म्हणाले, बुळकांडीचा विषाणू एकच जातीचा, एकदा टोचलं की काम झालं. लाळ्याच्या सात जाती. आपल्याकडं ओ, ए आणि एशिया-१ वर लस देतात. एकीचा प्रतिकार दुसरीला चालत नाही, आणि जो येतो तोही लवकर ओसरतो. त्यात बरं झालेलं जनावर घशात विषाणू बाळगून हिंडतं. हा जनावरांतला ओळखला गेलेला पहिला विषाणू, १८९८ चा. सव्वाशे वर्षं लोक त्याच्या मागं आहेत.

"म्हंजे माझ्या पोरीनं जन्म घालवायचा," दिलीप म्हणाला, "आणि शेवटी लोक विचारणार, कसला रोग?"

"रोग गेला तर विचारतील," अण्णा म्हणाले. "आणि बरेली लांब म्हणून रडू नकोस. ती संस्था मूळची पुण्याची, १८८९ ची. तिथनं हिमालयात मुक्तेश्वरला गेली, मग बरेलीला."

दिलीप काही बोलला नाही. तानाजीनं बिल्ला खिशात घातला, मग जरा वेळानं विचारलं, "लगा, बरेलीला मिरजेतनं थेट गाडी हाय का?"

"नाय. निजामुद्दीनपर्यंत गोवा एक्स्प्रेस," दिलीप म्हणाला. "पुढचं अजून बघितलं नाय."