‘ऑन टाइम’ आणि ‘इन टाइम’ : एक खुलासा

इंदूरच्या मराठी घरांमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे. ‘ऑन टाइम’ हा अमेरिकी प्रयोग असून ‘इन टाइम’ हा ब्रिटिश आहे, दोहोंचा अर्थ एकच, असे त्यात म्हटले आहे. हे बरोबर नाही. दोन्ही प्रयोग दोन्ही देशांत रुळलेले आहेत आणि फरक अर्थाचा आहे, देशाचा नाही.

पुण्याची गाडी वेळापत्रकात दिलेल्या मिनिटाला इंदूर स्थानकातून सुटली, तर ती ‘ऑन टाइम’ सुटली. आणि राजवाड्याच्या गर्दीत रिक्षा अडकूनही आपण गाडी सुटण्याआधी फलाटावर पोहोचलो, तर आपण ‘इन टाइम’ पोहोचलो. पहिल्यात ठरलेली वेळ पाळली जाते, दुसऱ्यात काही हातचे निसटण्यापूर्वी काम साधते, मग ते दहा मिनिटे आधी असो वा शेवटच्या क्षणी.

गोंधळाचे मूळ, माझ्या मते, आपल्या ‘वेळेवर’ या शब्दात आहे. ‘कचेरी वेळेवर उघडते’ आणि ‘डॉक्टर वेळेवर आले म्हणून जीव वाचला’ ही दोन्ही वाक्ये आपण सहज बोलतो. इंग्रजीत मात्र पहिल्यासाठी ‘ऑन’ आणि दुसऱ्यासाठी ‘इन’ लागते. (इथल्या हिंदीतले ‘समय पर’ही तसेच दुहेरी आहे.) ‘अर्ज वेळेत पोहोचला’ यातील ‘वेळेत’ मात्र ‘इन टाइम’च्या बरेच जवळ जाते.

‘इन टाइम’चा ‘कालांतराने’ असाही एक अर्थ होतो, ज्याचा त्या संदेशात उल्लेखच नाही.