कापणीच्या दिवशी पुरुष कुठे होते?

आज ते रील चौथ्यांदा समोर आलं. शेतावरचं सामूहिक जीवन, मातीत खेळणारी मुलं, झाडाखाली बोलत बसलेले दाढीवाले. मागे चुलीपाशी कोण? अर्थात बाईच. एकटी.

मला 'लिटल विमेन' लिहिणारी अमेरिकन लेखिका लुइसा मे अल्कॉट आठवली. 1843 च्या जूनमध्ये तिचे वडील ब्रॉन्सन आणि त्यांचा इंग्रज मित्र चार्ल्स लेन यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या हार्वर्ड गावाजवळ 90 एकरांवर 'फ्रूटलँड्स' मांडलं, असंच शेतावरचं सामूहिक जीवन. नाव फळांचं, सफरचंदाची जुनी झाडं दहाएक. मांस, दूध, अंडी, मध, चहा, साखर, सगळं बंद. लोकर मेंढीची म्हणून नको, कापूस गुलामांच्या घामाचा म्हणून नको. (कापसाचं मला मान्य आहे, चला.) अंगात लिननचे झगे. शेणखत नको, बैल जुंपायचे नाहीत. मग कुदळीनं खणायला घेतलं, पाठी मोडल्या आणि शेवटी बैल आणावाच लागला. तिकडे जव पेरायचे थंडी सरता सरता. हे राहायला आले तेच जूनमध्ये!

तरीही थोडंफार पिकलं. कापलेले जव शेतात आडवे पडलेले, आभाळ भरून आलेलं. आणि पुरुष? नव्या जीवनावर बोलायला परगावी. कापलेलं धान्य भिजलं की कणसातच कोंब फुटतात, बुरशी धरते, मळणीला काही उरत नाही. अ‍ॅबिगेलला, म्हणजे लुइसाच्या आईला, हे कळत होतं. तिनं पोरींना हाताशी घेतलं. टोपल्या भरल्या, त्या पुरेनात तेव्हा लिननच्या चादरी अंथरल्या, त्यात जव गोळा करून ओढत घरात आणले. हिवाळ्याचं जेवण त्या चादरींतून आलं, व्याख्यानातून नाही.

लुइसानं हे 30 वर्षांनी, 1873 मध्ये 'ट्रान्सेंडेंटल वाइल्ड ओट्स' या उपहासाच्या कथेत लिहिलं. पाहुणा विचारतो, इथे ओझी वाहणारं जनावर आहे का? आई म्हणते, एक बाई आहे फक्त. लोक याला गमतीदार म्हणतात. मला तिथे हसू येत नाही. रात्री कपडे शिवायला दिवा हवा, तर प्राण्यांच्या चरबीचा नको म्हणून वाद. शिवायचं कुणी, हा वाद मात्र कधी झालाच नाही.

ब्रॉन्सन वाईट माणूस नव्हता. बॉस्टनच्या शाळेत त्यानं काळ्या मुलीला प्रवेश दिला, पालकांनी आपली मुलं काढून नेली, तरी तो हटला नाही. तेवढं द्यायलाच हवं त्याला. पण ते जव!

जानेवारी 1844 मध्ये सगळं आटोपलं. त्याआधी डिसेंबरात, कुटुंब तुटणार की काय अशी बोलणी घरात चालू असताना, नुकत्याच अकरा वर्षांच्या झालेल्या लुइसानं डायरीत लिहिलंय की ती आणि मोठी बहीण अ‍ॅना अंथरुणात रडल्या, आणि सगळ्यांना एकत्र ठेव अशी तिनं देवाची प्रार्थना केली.