स्मार्ट पॅनल आलं, पण प्रश्न विचारायला वेळ कुठे आहे?

गेली सतरा वर्षं मी नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकल शिकवते. परवा स्टाफ मीटिंग झाली. प्रत्येक वर्गात नवं स्मार्ट पॅनल येणार, प्रत्येकाने महिन्याला चार व्हिडिओ अपलोड करायचे, पीपीटी युनिटप्रमाणे पोर्टलवर हव्यात. तासभर बोलणं झालं. मुलांना नेमकं काय कळत नाही, हा विषय मात्र एकदाही निघाला नाही. तिथे बोलायला जमलं नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

गेल्या आठवड्यातला एक तास सांगते. एका बॅटरीला दोन सारखे बल्ब सिरीजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ एक जोडलेत. कुठला बल्ब जास्त पेटेल? पहिला, दुसरा, की दोन्ही सारखेच? मोबाइलवर उत्तर द्यायचं, नाव कुणाचंच दिसणार नाही. निम्म्याहून जास्त वर्ग म्हणाला, पहिला. ही मुलं बारावीला ओहमचा नियम पाठ करून, सीईटी देऊन आलेली आहेत. सिरीजची गणितं डोळे मिटून सोडवतात.

मी उत्तर सांगितलं नाही. म्हटलं, तीन मिनिटं शेजाऱ्याला पटवून द्या. वर्गात एकच गलका. तिसऱ्या बाकावर दिवा स्टेशनहून येणारा मुलगा शेजारणीला म्हणत होता, "अगं, करंट पहिल्या बल्बमध्येच खर्च होतो ना, मग दुसऱ्याला उरणार काय?" ती म्हणाली, "ठाणे स्टेशनच्या पुलावर या टोकाने जेवढी माणसं चढतात, तेवढीच त्या टोकाला उतरतात की नाही? पूल काय माणसं खातो? चालून दमतात ती, कमी होत नाहीत." मी बाजूला उभी राहून ऐकत होते. करंट तेवढाच राहतो, खर्च होते ती ऊर्जा, हे सतरा वर्षांत मला इतकं सोपं करून सांगता आलं नव्हतं. पुन्हा मत घेतलं तेव्हा जवळजवळ सगळा वर्ग बरोबर होता. मग मी बॅगेतून खरे बल्ब काढून जोडून दाखवले. दोन्ही सारखेच पेटले.

ही पद्धत माझी नाही. हार्वर्डला फिजिक्स शिकवणाऱ्या एरिक माझूर यांनी ती १९९० च्या दशकात रुजवली. त्यांचीही मुलं अवघड गणितं सोडवायची आणि साध्या संकल्पनेच्या प्रश्नाला अडायची. या पद्धतीला पॅनल लागत नाही, मुलांनी उत्तरासाठी रंगीत पुठ्ठे वर धरले तरी भागतं. मोबाइलचा फायदा एवढाच, की मागच्या बाकावरचं गप्प मूलही न घाबरता चुकतं आणि ती चूक मला त्याच मिनिटाला दिसते. तंत्रज्ञान मला यासाठी हवंय.

२०१४ मध्ये विज्ञान आणि इंजिनिअरिंगच्या वर्गांवरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले. नुसतं लेक्चर ऐकणाऱ्या वर्गात सुमारे ३४ टक्के मुलं नापास होत होती, मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गात सुमारे २२. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. २०१९ मध्ये हार्वर्डच्याच एका प्रयोगात दिसलं, की अशा वर्गात मुलं जास्त शिकतात, पण आपण कमी शिकलो असं त्यांना वाटतं. आमच्याकडे वर्षअखेरीस फीडबॅक फॉर्म भरून घेतात. "मॅडम शिकवत नाहीत, आम्हालाच विचारत बसतात," असं मला दोनदा लिहून आलंय. तो कागद समोर ठेवून जाब विचारला गेला, तर नवा शिक्षक परत पीपीटी वाचायला लागणार, दुसरं काय करणार?

आणि व्हिडिओंचं म्हणाल तर आयआयटींच्या व्हिडिओ लेक्चर्सचं एनपीटीईएल २००३ पासून आहे, सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल स्वयं २०१७ पासून. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठीतूनही धडे आहेत. २०२१ च्या यूजीसी नियमांनुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयंवरून करता येतात. मग किर्चहॉफच्या सर्किटच्या त्याच नियमांवर माझा आणखी एक व्हिडिओ कशाला? माझी मुलं कॉलेजच्या वायफायवर व्हिडिओ उतरवून घेतात आणि तुर्भे ते ठाणे उभ्याने बघतात, कारण घरी डेटा तिघांत वाटलेला असतो. त्यांना दहा मिनिटांचा, कमी एमबीचा एक चांगला व्हिडिओ पुरतो. वर्गातला तास मला त्यांच्या चुकांसाठी हवा आहे.

असा एक प्रश्न तयार करायला माझी अख्खी संध्याकाळ जाते. चुकीचे पर्यायसुद्धा मुलांच्या डोक्यातले हवेत, उगाच घातलेले नकोत. तासिका तत्त्वावर काम करणारी माझी सहकारी सकाळी नेरूळला, दुपारी ठाण्यात शिकवते. तिला पैसे मिळतात ते घेतलेल्या तासाचे. त्या संध्याकाळचे तिला कोण देणार? पॅनलसाठी निधी निघतो, तर तिच्या तयारीच्या दोन तासांसाठीही निघाला पाहिजे. टाइमटेबलमध्येच आठवड्याला दोन तास, एका विषयाच्या सगळ्या शिक्षकांनी एकत्र बसून मुलांची चुकलेली उत्तरं बघायची. हे मी पुढच्या मीटिंगला लेखी देणार आहे.

तोवर आम्ही तिघी गुरुवारी चार वाजता लॅबमध्ये बसतोय, तीन डिव्हिजनची उत्तरं घेऊन. ठाणे-नवी मुंबईत कुठलाही विषय शिकवत असाल, तर तुमची मुलं दरवर्षी हमखास अडतात ती एक जागा मला लिहून पाठवा. मुलांच्या शब्दांत पाठवलीत तर फारच बरं.