स्पायरल करून मिळेल का?

मी घरी हाताने वह्या-पुस्तकं बांधते असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे स्पायरल का?" दुसरा, "लॅमिनेशनपण करतेस?" आणि तिसरा शेजारच्या इंजिनिअरिंगवाल्या मुलीने रात्री साडेदहाला बेल वाजवून विचारला, "काकू, उद्या प्रोजेक्ट रिपोर्टचं सबमिशन आहे, ब्लॅकबुक बांधून द्याल? वर सोनेरी अक्षरं लागतात." बाई गं, कॉलेजबाहेरचा माणूस जे तासाभरात हातात देतो त्याला मला आठवडा लागतो, आणि सोनेरी अक्षरं तर माझ्या लग्नपत्रिकेवरसुद्धा नव्हती.

रील्समध्ये हा छंद फार शांत दिसतो. लाकडी टेबल, खिडकीतून ऊन, बाजूला झोपलेलं मांजर आणि एक मुलगी हळूच कागदातून दोरा ओढतेय. तो कागद तिच्या घरी आला कसा हे एकही रील सांगत नाही, आणि माझ्या मते खरा छंद तिथेच असतो, शिवणकाम हे नंतरचं बक्षीस.

कागदाला ग्रेन असतो. कागद मशीनवर तयार होताना त्यातले तंतू बरेचसे एका दिशेने पडतात. त्या दिशेने घडी घातली तर कागद मुकाट ऐकतो, आडवी घातली तर घडीवर फुटल्यासारखा होतो, पानं ताठ उभी राहतात आणि वही उघडी ठेवली की स्वतःच मिटते. म्हणून तंतू वहीच्या पाठीला समांतर हवेत. आता ए-फोरच्या रिममध्ये ते बहुतेक वेळा लांब बाजूने असतात, म्हणजे कागद मधोमध दुमडून ए-फाइव्हची वही करायला घेतली की घडी बरोब्बर आडवी. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडेही मिळणारा कागद नेमका या एका कामाला नालायक! मग मोठा कागद आणून आपण कापायचा, आणि मोठा कागद म्हटलं की क्रॉफर्ड मार्केटजवळची अब्दुल रहमान स्ट्रीट.

तिथे 23 बाय 36 इंचाची शीट मिळते. रिममध्ये 500 शीट, 80 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला 80 ग्रॅमचा, घेतला तर वजन 21 किलोच्या वर. पाव रिम द्या म्हटलं की दुकानदाराचा चेहराच पडतो, त्यातून मी आधी ग्रेन बघणार, म्हणजे एक शीट हातात घेऊन एकदा उभी वाकवायची, एकदा आडवी, जिकडे कमी अडून बसेल तिकडे ग्रेन. हे मी डोळे मिटून, एकाग्र होऊन करत होते तर तो म्हणाला, "मॅडम, साडी नहीं है, कागज़ है. सब एक जैसा है." सगळं एकसारखं नसतं हो, पण मागे हातगाडीवाला "बाजू, बाजू" करून ओरडत असताना तंतूंवर भाषण कोण देणार.

कागद गुंडाळून नेता येतो. पुठ्ठा नाही. 2 मिलिमीटरचा ग्रे बोर्ड, वाकवायचा नाही, भिजवायचा नाही, आणि काखेत धरला तर हात पुरत नाही. मस्जिद स्टेशनला चढण्यात अर्थ नव्हता म्हणून उलटं सीएसएमटीला जाऊन मुलुंडसाठी स्लो गाडीत खिडकी पकडली, पुठ्ठे मांडीवर उभे धरले. समोरची म्हणाली, "मुलाचं प्रोजेक्ट?" मी हो म्हटलं, कारण खरं सांगितलं असतं तर स्पायरलवर आलो असतो. "आमच्याकडे ज्वालामुखी दिलाय," ती म्हणाली, मग भायखळ्यापर्यंत ज्वालामुखी. कुर्ल्याला एक काकू चढल्या, चौथी सीट मिळवली, पुठ्ठ्यांकडे बघून म्हणाल्या, "ताई, धरूनच बसलीयस तर जरा आडवं धर ना." मी धरलं. त्यांनी पिशवीतून मेथीच्या दोन जुड्या काढल्या आणि माझ्या बोर्डवर निवडायला घेतल्या, भांडुप येईपर्यंत आणखी दोघींनी हात लावला, कुणीतरी लसूणही काढला. पुठ्ठ्यावर ओल्या मातीचे डाग पडले ते पडलेच, पण एक खरं की त्या पुठ्ठ्याचा इतका उपयोग नंतर कधी झाला नाही.

खळ घरीच शिजवते, मैद्याची. गिरगावात एक म्हातारे बाइंडर आहेत, त्यांनी मला जुजबंदी शिकवली, म्हणजे चार-चार कागद दुमडून 16 पानांचा एकेक फॉर्म करायचा, घडीत भोकं पाडायची आणि फॉर्म एकमेकांना शिवत जायचं. त्यांनी बजावलं होतं, "खळ में मोरचूद डालने का, नहीं तो कसर खा जाएगी." मोरचूद विषारी. सासूबाईंनी ऐकलं आणि संपलं, खळ शिजते त्याच पातेल्यात त्या मोदकाची उकड काढतात. तसा त्यांचा छंदाला विरोध नाही, पण ऑनलाइन मागवलेली घडी दाबायची हाडाची पट्टी बघून "कसल्या हाडाची?" असं त्यांनी विचारलं, आणि आता ती पट्टी बाल्कनीत वेगळ्या डब्यात राहते. एकूणच त्यांना शिवणकाम पटत नाही. "आमच्या पोथ्यांना कुठे होती शिवण? सुटी पानं, खाली-वर फळी, बासनात गुंडाळली की झालं. पानं हरवली तर वाचणाऱ्याचं नशीब."

आणि पावसाळा! पुठ्ठ्यावर खळ लावून कापड चिकटवलं की कापड ओलं होऊन थोडं ताणतं, सुकताना आकसतं आणि पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतं. म्हणून आतून अस्तराचा कागद लावायचा, तो सुकताना उलट बाजूने ओढतो, दोघांची ओढाताण बरोबरीत सुटली की कव्हर सपाट. हे पुस्तकात. जुलैत मुलुंडला काहीच सुकत नाही, टॉवेल नाही, मोजे नाहीत, तर खळ काय सुकणार, आणि जे थोडं सुकतं ते एकाच बाजूने, मग सकाळी बघावं तर कव्हर पापडासारखं वर वळलेलं. त्यावर वजन हवं. वरवंटा ठेवला, त्यावर गव्हाचा डबा ठेवला. पण गहू दळायला गेला की वजन गेलं, नवऱ्याला म्हटलं तुझे डंबेल्स दे, तर म्हणाला मी वापरतो ते. इतकी वर्षं ते डंबेल्स पलंगाखाली धूळ खात होते, ते नेमके त्या आठवड्यात वापरात आले.

हा सगळा खटाटोप दादरच्या मावशीसाठी होता. तिला रेसिपीची वही हवी होती, कव्हरला तिच्या जुन्या खणाचं कापड. खण पातळ, खळ आरपार येऊन वर डाग पडतात, म्हणून आधी कापडाला मागून पातळ कागद लावून तो सुकवायचा (जुलै!), मग ते कापड पुठ्ठ्यावर. शिवण कॉप्टिक घातली. इजिप्तमधल्या जुन्या ख्रिस्ती लोकांची पद्धत, दीड हजार वर्षांहून जुनी, पाठ उघडीच ठेवतात, दोऱ्याची साखळी दिसते आणि वही पूर्ण सपाट उघडते, ओट्यावर ठेवून वाचायला एकदम बेस्ट.

मावशीने वही हातात घेतली, कव्हरवरून हात फिरवला, खण ओळखून डोळ्यांत पाणीबिणी आलं, मग उलटी केली.

"मागची बाजू करायची राहिली का गं?"

मी इजिप्त सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "असू दे, मी ब्राउन पेपर लावीन." पण लावला नाही. वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात, साड्यांच्या खाली. रेसिप्या अजून फुकट मिळालेल्या डायरीत, "इतक्या छान वहीत तेलाचे हात कसे लावू?" सगळे हेच म्हणतात. भाऊ म्हणतो विचार पक्का झाला की लिहीन, मैत्रीण म्हणते अक्षर सुधारलं की. मी घातलेल्या घड्यांवर आजवर एका मेथीशिवाय कुणी काही मांडलेलं नाही, आणि तीही पुठ्ठ्यावर.

परवा मावशीचा फोन, भिशीतल्या बायकांना वही दाखवली, सगळ्यांना हवीय, पैसे देतील म्हणे. "आणि घाई नाही हं, दिवाळीपर्यंत दे. फक्त त्यांच्या वह्यांची मागची बाजू बंद कर बाई. मी सांगितलंय, माझी पहिली होती, शिकत होती तेव्हा."