‘डुप्लिकेट पंप दिला’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं: आमच्याकडून घेतलेला फ्युएल पंप तुम्ही घरीच बसवला, चवथीच्या तोंडावर गाडी चोर्ला घाटात बंद पडली, वीस मिनिटांनी आपोआप चालू झाली, गाडीत पेट्रोलचा वास येतो, पेट्रोलचा काटा अर्ध्यावरून हलत नाही, पंप डुप्लिकेट असूनही आम्ही परत घेतला नाही, आणि दुपारी कुणी फोन उचलत नाही.

वासाचं आधी, कारण बाकीचं चार दिवस थांबलं तरी चालेल. वास आहे तोवर गाडी चालवू नका आणि पडवीला लागून उभीही करू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकत घरात शिरते, आणि आत देवासमोर समई पेटलेली असते. गाडी उघड्यावर ठेवा, दारं-काचा उघडा, वाफ निघून गेली की बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा.

वास कुठून येतो ते तुम्ही दुकानात आणलेल्या मॉड्यूलवरच (टाकीत बसणारा पंप, जाळी, काट्याचा फ्लोट आणि झाकण यांचा एकत्र संच) दिसत होतं. झाकणाच्या कडेला सिलिकॉन लावलेलं होतं. टाकीच्या तोंडाची रबरी रिंग वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन फुगलेली असते. एकदा बाहेर काढली की ती परत खाचेत बसत नाही. तिथे सिलिकॉन हा उपाय नाही. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं, सुटतं आणि तुकड्या-तुकड्यांनी टाकीत पडतं. नवी रिंगच लागते, आणि तुमच्या बिलावर ती नाही. काउंटरवर विचारलं तेव्हा ‘जुनी चालेल’ म्हणालात. खाच सुक्या कापडाने पुसायची, रिंगवर पेट्रोलचं बोट फिरवायचं (ग्रीस नको), झाकणावरची खूण टाकीवरच्या खुणेशी जुळवायची, झाकण सरळ खाली दाबून धरायचं आणि मोठी लॉक रिंग आधी हातानेच फिरवायची. हाताने आटा धरला नाही तर ती तिरकी बसली आहे. तशीच ठोकून घट्ट केली की एका बाजूने फट राहते, टाकी भरली की तिथून पेट्रोल झिरपतं. ठोकायचीच वेळ आली तर लाकडाचा तुकडा घ्या. लोखंडी छिन्नी आणि हातोडा टाकीच्या तोंडाशी नको, ठिणगी उडते.

आता घाट. तुमच्या रिव्ह्यूतलं ‘वीस मिनिटांनी आपोआप चालू झाली’ हे वाक्य आम्हाला सर्वांत उपयोगी पडलं. पंप खरोखर जळाला असता तर गाडी टो करूनच आणावी लागली असती. पंपाच्या तोंडाशी बारीक जाळी असते. कचरा असला की पंपाच्या ओढीने तो जाळीला चिकटतो. गावात पेट्रोल कमी लागतं, म्हणून कळत नाही. चढावर मागणी वाढली की पंपाला पेट्रोल पुरत नाही, तो कण्हतो, गरम होतो, गाडी झटके देत बंद पडते. थांबल्यावर ओढ संपते, कचरा खाली बसतो, पंपही निवतो, गाडी परत सुरू. तुमच्या जाळीवर सिलिकॉनचे तुकडे होते आणि काळा चिकट थर होता. तो थर इन्सुलेशन टेपचा. तुम्ही कनेक्टर कापून वायरी पिळून जोडल्या आणि वर टेप गुंडाळली. टाकीबाहेर असा जोड कदाचित चालून जाईल, टाकीत नाही: टेपचा गोंद पेट्रोलमध्ये विरघळतो आणि तांबं उघडं पडतं. अख्खं मॉड्यूल न बदलता फक्त पंपाची मोटर बदलताना टाकीच्या आत पेट्रोल सोसणारं कनेक्टरच हवं. आतल्या नळीचंही तसंच. बाहेरून वापरायची फ्युएल होज पेट्रोलात बुडवून ठेवली की बाहेरून फुगते आणि फाटते. बुडवून वापरायच्या नळीवर ‘एसएई जे30 आर10’ असं छापलेलं असतं. ती महाग असते, म्हणून लोक टाळतात.

डुप्लिकेट पंप बाजारात नाहीत असं आम्ही म्हणणार नाही, भरपूर आहेत. पण ते खोक्यावरून नाही, दाब मोजणाऱ्या गेजवर कळतं. तुमचा पंप जाळी काढून तुमच्यासमोरच टेस्टरवर लावला होता. 12 व्होल्टवर त्याने साडेतीन बार दाब दिला आणि बंद केल्यावर तो धरूनही ठेवला. पंप चालू स्थितीत होता आणि कनेक्टर कापलेला होता, म्हणून परत घेतला नाही. बिलाच्या मागे तोच नियम छापलेला आहे. रिव्ह्यूत टेस्टरचा उल्लेख राहून गेला, तो इथे नोंदवतो.

नवा पंप घेण्याआधी जुना का गेला हे पाहायला हवं होतं. इथल्या दमट, खाऱ्या हवेत पंपापेक्षा अर्थचा जोड (पंपाची निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला जोडलेली असते तो) आणि रिले (पंपाला करंट देणारा स्विच) जास्त वेळा दगा देतात. कनेक्टर काढून मल्टिमीटर लावला तर 12 व्होल्ट दिसतात आणि माणूस फसतो. पंप चालू असताना, कनेक्टरच्या मागून मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टने किंवा त्याहून जास्त फरकाने कमी दिसलं तर पंपाला हात लावू नका, आधी हिरवट झालेला अर्थ घासून साफ करा. आणि पंप बॅटरीला जोडून कोरडा फिरवून बघायचा नाही, दोन सेकंदसुद्धा. त्याला थंडावा आणि वंगण दोन्ही पेट्रोलचंच मिळतं. कायम रिझर्व्हवर गाडी हाकणाऱ्यांचे पंप म्हणूनच लवकर जातात.

टाकीचा तळही पाहू. गाडी 2013 ची, पेट्रोल आता 20 टक्के इथेनॉलचं. पावसाळ्यात टाकीत पाणी गेलं की इथेनॉल ते ओढून घेतं आणि प्रमाण वाढलं की दोन्ही मिळून वेगळं होऊन तळाला बसतं. तळातलं थोडं काचेच्या बाटलीत घेऊन ठेवा, थर दिसतो.

काट्याचं सोपं आहे: मॉड्यूल आत घालताना फ्लोटची (पेट्रोलवर तरंगून काटा हलवणारा तुकडा) दांडी वाकली किंवा अडकली. तिरकं करून, फ्लोट आधी घालायचा. दुपारी एक ते साडेतीन दुकान बंद असतं, दारावर पाटी आहे.

आमचं म्हणणं असं. रिंग, जाळी आणि कनेक्टर आम्ही खरेदीभावात देतो. टाकी धुऊन हे बसवल्यावर गेज लावून दाब मोजू, त्याची मजुरी नाही. कनेक्टरवर पुरेसे व्होल्ट असूनही दाब कमी आला तर पंप बदलून देऊ, वायर कापलेली असली तरी.

गाडी स्वतः चालवत आणू नका, टो करून आणा. त्याआधी टाकीत किती पेट्रोल आहे ते फोनवर सांगा. काटा बंद आहे, तेव्हा शेवटचं कधी आणि किती भरलं तेवढं आठवून ठेवा. टाकी पाव भागापेक्षा जास्त भरलेली असेल तर आधी पेट्रोल काढावं लागेल. ते आम्ही हातपंपाने काढू. तुम्ही नळी तोंडात धरून ओढू नका.